रिक्षाची किंमत आणि वाळूजचा पगार

वेरूळची लेणी पाहून परतणारा प्रवासी रिक्षात बसला की आधी भाड्याची घासाघीस होते आणि ती संपली की रिक्षावाला आपला हिशेब मांडू लागतो. गाडी केवढ्याला पडली, कर्जाचा हप्ता किती, विम्याला व परवान्याला किती गेले, श्रावणात घृष्णेश्वराला गर्दी असते तेवढेच दिवस खरे, बाकी वर्ष कसे रखडत जाते, हे सारे सांगून झाल्यावर तो बहुधा एका वाक्यावर येऊन थांबतो : तिकडे वाळूजला कामगारांचे पगार वाढतात आणि इकडे आमची गाडी महाग होते. हे वाक्य त्याच्या एकट्याचे नाही. वेतनकरार होऊ घातला की ते कारखानदारांच्या बोलण्यात येते, वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानावर अवतरते आणि तेथून रिक्षाच्या थांब्यापर्यंत पोचते. विशेष म्हणजे असे बोलणाऱ्याच्या घरातलाच एखादा मुलगा किंवा भाचा रोज पहाटे दौलताबादचा घाट उतरून वाळूजच्या कुठल्याशा शेडमध्ये कंत्राटी कामगार म्हणून जात असतो. गाडीच्या किमतीची झळ लागणारा आणि पगारासाठी तिष्ठत राहणारा, असे दोघे एकाच चुलीवरची भाकरी खातात. आणि एकाचे भले म्हणजे दुसऱ्याचे नुकसान, अशी दोघांचीही समजूत करून देण्यात आली आहे. या समजुतीत तथ्य किती, हे एकदा कागदावर मांडून पाहिले पाहिजे.

५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते वाळूज येथील बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतीला कंटाळलेल्या एका पिढीला त्या दिवशी एक नवी वाट दिसली. त्या कारखान्याभोवती सुटे भाग बनविणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांचे गावच वसले. पुढे २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, तरी गावोगावच्या माणसाच्या तोंडी ‘कंपनी’ म्हटले की अजूनही बहुधा वाळूजच असते. वेरूळच्या थांब्यावर उभ्या असलेल्या तीनचाकी रिक्षाही बहुतकरून तेथूनच आलेल्या. तेव्हा हिशेब मांडायचा तो याच गाडीचा मांडू.

सोयीसाठी असे धरू की कारखान्याच्या दारात, कर आकारण्यापूर्वी, रिक्षाची किंमत २ लाख रुपये आहे. आपल्याकडील मोठ्या वाहन कंपन्यांचे ताळेबंद प्रसिद्ध होतात आणि ते कोणालाही पाहता येतात. त्यांत विक्रीच्या १०० रुपयांपैकी कर्मचाऱ्यांवर होणारा खर्च साधारणतः ३ ते ४ रुपये असतो. ४ धरले तर २ लाखांत ८ हजार झाले. या ८ हजारांत केवळ यंत्रावरचा कामगार येत नाही. व्यवस्थापकीय संचालकापासून विक्री विभागातील अधिकाऱ्यापर्यंत सर्वांचे पगार त्यात आले. आता समजा, संघटनेने भांडून २० टक्के वाढ मिळविली आणि ती वरपासून खालपर्यंत सर्वांना सरसकट दिली. गाडीमागे खर्च वाढला १,६०० रुपये. पुणे व वाळूज पट्ट्यातील वेतनकरार सामान्यतः तीन ते साडेतीन वर्षांचे असतात. म्हणजे वर्षाला ५०० रुपयांच्या आसपास. त्या मुदतीत एका माणसामागे तयार होणाऱ्या गाड्यांची संख्या वाढली, आणि ती वाढतेच, तर हे ५०० रुपयेही शिल्लक राहत नाहीत.

याच रिक्षावर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत वस्तू व सेवा कर २८ टक्के होता. त्या दिवसापासून तो १८ टक्के झाला. २ लाखांवर ५६ हजारांऐवजी ३६ हजार. सरकारने एका रात्रीत २० हजार रुपये कमी केले. संघटनेच्या तीन वर्षांच्या ‘अवाजवी’ मागणीच्या बारापट रक्कम इतकी वर्षे रिक्षावाला हप्त्याहप्त्याने भरत होता. परंतु गाडी महाग का, या प्रश्नाचे उत्तर देताना कराचे नाव क्वचितच निघत असे, वाळूजच्या कामगाराचे मात्र निघत असे. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले तेव्हाही वाहनांच्या किमती चढल्या. पोलाद, ॲल्युमिनियम व रबर यांचे भाव चढतात तेव्हाही त्या चढतात. ही कारणे आपापल्या जागी योग्य वा अयोग्य असतील. मुद्दा एवढाच, की ४ रुपयांतल्या ८० पैशांचा जेवढा बोभाटा होतो तेवढा उरलेल्या ९६ रुपयांचा होत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. ४ टक्के हा खर्च झाला गाडी जोडणाऱ्या कंपनीचा. पण गाडीच्या किमतीत सुमारे ७० टक्के वाटा कच्च्या मालाचा व विकत घेतलेल्या सुट्या भागांचा असतो, आणि त्या सुट्या भागांतही कुणाची तरी मजुरी असतेच. ती सारी साखळी मोजली तर श्रमाचा वाटा ४ टक्क्यांहून बराच अधिक भरेल, यात शंका नाही. कंत्राटी मजुरीचा काही भागही ताळेबंदात ‘इतर खर्च’ या सदराखाली दडलेला असतो. तथापि हा आक्षेप घेणाऱ्यांनी तो शेवटपर्यंत न्यावा. मोठ्या कारखान्यातील संघटनेने वेतनवाढ मिळविली म्हणून ब्रेकचे भाग ओतणाऱ्या लहान शेडमधल्या कामगाराचा पगार आपोआप वाढतो काय? अनुभव उलट आहे. पुरवठादारांकडून दरवर्षी भाव कमी करून मागण्याची रीत वाहनधंद्यात जगभर रुळलेली आहे. तो कमी केलेला भाव पुरवठादार कुठून भरून काढतो, हे वाळूजच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर कळते. साखळीच्या वरच्या टोकाला वाढलेला पगार खालच्या टोकापर्यंत पोचत नाही. खालच्या टोकाचा दबलेला पगार मात्र वरच्या टोकाच्या नफ्यापर्यंत अचूक पोचतो.

मग किंमत ठरते कशी? उत्पादनखर्चावर ठरावीक नफा चढवून किंमत निघते, हे पाठ्यपुस्तकातील पहिल्या प्रकरणाचे सत्य. मोजक्या कंपन्यांच्या हाती बाजार असतो तेथे हा नफ्याचा चढावा स्थिर नसतो. बाजारात कोणाचे किती चालते यावर तो अवलंबून राहतो. पोलिश अर्थशास्त्रज्ञ मिखाल कालेकी यांनी याला मक्तेदारीची मात्रा म्हटले. आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी असेही दाखविले की, कामगार संघटना बळकट असेल तर तिच्या दबावाने हा चढावा आक्रसू शकतो. म्हणजे वेतनवाढ किमतीतून न जाता नफ्यातून जाऊ शकते. ती कुठून जाईल हे अंकगणित ठरवीत नाही, शक्ती ठरविते.

आपल्या स्कूटरचा इतिहास ज्यांना आठवतो त्यांना हे सांगण्यासाठी कालेकींची गरज नाही. १९७० च्या दशकात स्कूटरची किंमत सरकारी नियंत्रणाखाली होती आणि नोंदणी केल्यावर कित्येक वर्षे वाट पाहावी लागे. नंबर लागलेल्या माणसाने स्कूटर दाराशी आणली की तीच स्कूटर कारखान्याच्या किमतीहून अधिक भावाने दुसऱ्याला विकता येई. जास्तीचा तो पैसा ना कामगाराच्या पाकिटात गेला, ना कंपनीच्या तिजोरीत. टंचाईची किंमत ज्याच्या हाती नंबर होता त्याने वसूल केली. मुलीच्या लग्नात जावयाला देण्यासाठी मुलगी शाळेत असतानाच नंबर लावणारे बाप त्या काळी होते. त्यांना कोणी उत्पादनखर्च विचारला नाही.

आकडे पाहू. २०२३-२४ या वर्षी बजाज ऑटोचे उत्पन्न ४४ हजार कोटी रुपयांच्या पुढे गेले. कर भरून उरलेला नफा सुमारे ७,४७९ कोटी होता. सर्व कर्मचाऱ्यांवर मिळून झालेला खर्च दीड हजार कोटींच्या आसपास. याच वर्षी कंपनीने आपलेच ४० लाख समभाग प्रत्येकी १० हजार रुपयांना परत विकत घेतले. ते ४ हजार कोटी झाले. यात बेकायदा काही नाही आणि कंपनी चांगली चालते याचा राग मानण्याचेही कारण नाही. तशी ती चालली म्हणूनच वाळूज उभे राहिले. परंतु अडीच वर्षांच्या पगाराएवढी रक्कम भागधारकांना परत देता येते आणि तरी गाडीची किंमत कामगारामुळे वाढते असे म्हटले जाते, तेव्हा त्या म्हणण्याला अर्थशास्त्र म्हणता येत नाही.

बजाज हा अपवाद नव्हे. देशातील संघटित कारखानदारीत उत्पादनाने जे निव्वळ मूल्य निर्माण होते त्यातील कामगारांच्या मजुरीचा हिस्सा १९८० च्या दशकाच्या आरंभी सुमारे ३० टक्के होता. २००८ च्या सुमारास तो १० ते ११ टक्क्यांवर उतरला आणि त्यानंतर फारसा सावरला नाही. हिस्सा असा घसरत असताना वाहने काही स्वस्त झाली नाहीत. मजुरी वाढली की किंमत वाढते, हा नियम खरा असता तर मजुरीचा हिस्सा एकतृतीयांश झाला त्या काळात त्याचा उलटा परिणाम ग्राहकाला कुठेतरी दिसायला हवा होता.

याच शहरातली एक गोष्ट येथे आठवते. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक, डॉक्टर, बिल्डर इत्यादी मंडळींनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज मोटारी एकदम विकत घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा व्यवहार. एकेकट्याने गेलो तर कंपनी दाद देणार नाही, दीडशे जण मिळून गेलो तर किमतीत सवलत मिळेल आणि बँकही व्याज कमी करील, हा त्यामागचा साधा विचार. आणि तो फळाला आला. देशभर या शहराचे कौतुक झाले. एकजुटीने बोलणी करून आपला फायदा करून घेणे याला कामगार चळवळीच्या भाषेत सामुदायिक सौदा म्हणतात. गाडी विकत घेणाऱ्यांनी तो केला की धडाडी ठरते, गाडी बनविणाऱ्यांनी केला की महागाई.

अमेरिकेत हा वाद सत्तर-ऐंशी वर्षे चालू आहे. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तेथील वाहन कामगार संघटनेने तिन्ही मोठ्या कंपन्यांत एकाच वेळी संप केला आणि २०२८ पर्यंत २५ टक्के वाढ मिळविली. मोटारी आता सामान्यांच्या आवाक्याबाहेर जाणार, असा गिल्ला झाला. फोर्डने स्वतःच काढलेला अंदाज असा की, कराराच्या अखेरीस दर गाडीमागे सुमारे ९०० डॉलर खर्च वाढेल. जनरल मोटर्सचा अंदाज ५७५ डॉलरच्या आसपास. तेथे नव्या मोटारीची सरासरी किंमत त्या वेळी ४८ हजार डॉलरच्या घरात होती. म्हणजे मालकांचा आकडा जसाच्या तसा स्वीकारला तरी तो २ टक्क्यांच्या आत येतो. जनरल मोटर्सने कराराचा एकूण बोजा ९३० कोटी डॉलर सांगितला. आणि करार मंजूर होऊन पंधरवडाही उलटला नव्हता तोच, २९ नोव्हेंबरला, १,००० कोटी डॉलरचे स्वतःचे समभाग परत घेण्याची घोषणा केली.

परंतु याहून बोधप्रद आहे तो १९४५ चा संप. युद्ध संपले होते, महागाईने लोक गांजले होते. वॉल्टर रूथर यांच्या नेतृत्वाखाली जनरल मोटर्सच्या कामगारांनी ३० टक्के वेतनवाढ मागितली. आणि त्याबरोबर अशी मागणी केली की मोटारींच्या किमती एका डॉलरनेही वाढू नयेत. कंपनीला हे झेपत नसेल तर तिने हिशेबाच्या वह्या उघडून दाखवाव्यात. संप ११३ दिवस चालला. कंपनीने ताशी साडेअठरा सेंटांची वाढ दिली, वह्या मात्र उघडल्या नाहीत. पैसा देऊ, पण किमतीत नाक खुपसू देणार नाही, हा तिचा पवित्रा होता. मालकवर्गाला पगारवाढीपेक्षा कशाची अधिक भीती वाटते, हे त्यातून पुरेसे स्पष्ट होते. १९४८ व १९५० च्या करारांनी महागाई भत्ता व वार्षिक वाढ पदरात पाडून घेऊन संघटनेने किमतीचा प्रश्न व्यवहारतः सोडून दिला; पुढे रूथर यांनी तो अधूनमधून उचलला, पण बूंद से गयी ती हौद से आली नाही. कंपनी पगारही वाढवीत राहिली आणि किंमतही, व दोष संघटनेच्या माथी मारीत राहिली.

हा दोष सर्वस्वी खोटा होता असे मात्र म्हणता येणार नाही. मक्तेदार कंपनीतील बळकट संघटना मक्तेदारीच्या नफ्यात वाटा मागते, तेव्हा तो नफा ज्यांच्या खिशातून आला त्या ग्राहकांकडे तिने पाठ फिरविलेली असते. कामगार चळवळीने ही गोष्ट कबूल केली पाहिजे. जून ते ऑगस्ट २०१३ मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यात ५० दिवस काम बंद होते. त्या वेळच्या मागण्यांत प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० समभाग दर समभागाला १ रुपया या दराने द्यावेत, अशी एक मागणी होती. व्यवस्थापनाने ती धुडकावली आणि उत्पादन वाळूज व पंतनगरला हलविण्याचा इशारा दिला. अखेर संप मागे घ्यावा लागला. समभागांची मागणी कल्पक होती, नफ्यात कामगाराचा हक्क आहे हे तत्त्व तीत होते. पण त्या मागणीत वेरूळच्या रिक्षावाल्याला काय होते? लहान शेडमधल्या कंत्राटी पोराला काय होते? चाकणच्या कामगाराला वाळूजची भीती घालता आली, याचेही कारण तेच. दोन्हीकडच्या कामगारांचा करार एक नव्हता आणि ग्राहकाला या भांडणात आपले काही आहे असे वाटत नव्हते.

वह्या उघडण्याची मागणी आपल्याकडे स्वप्नवत् वाटण्याचे कारण नाही. १९६९ मध्ये केंद्र सरकारने मोटारींच्या किमती बांधून दिल्या तेव्हा मुंबईची प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि इतर कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. चौकशी आयोग बसला. खर्च तपासले गेले. मजुरी किती, पोलाद किती, भांडवलावर वाजवी परतावा किती धरायचा, याची न्यायालयात खुली चर्चा झाली आणि १९७१ मध्ये निकाल लागला. ते नियंत्रण पुढे उठले, आणि टंचाईच्या बाजारात नुसती किंमत बांधून काळाबाजार पोसला जातो हा धडाही त्या काळाने शिकविला. ती व्यवस्था परत आणावी असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु एका मोटारीची किंमत कशाकशाची बनते हे देशात एकदा उघडपणे मोजले गेले आहे आणि त्यामुळे कोणतीही कंपनी बुडाली नाही. वेतनवाढीचे कारण सांगून किंमत वाढविणाऱ्या कंपनीने त्या वाढीतील मजुरीचा, मालाचा व नफ्याचा वाटा जाहीर करावा, एवढी मागणी तरी पुढच्या करारात संघटनांनी घालावी. ती रिक्षावाल्यांच्या संघटनांना बरोबर घेऊन घालावी.

दुसरी गोष्ट कंत्राटी कामगारांची. देशाच्या संघटित कारखान्यांत २००० च्या सुमारास पाच कामगारांत एक कंत्राटी होता. २०२२-२३ मध्ये शंभरात ४० हून अधिक झाले. वाळूजला जाणाऱ्या बसमध्ये बसून पाहिले तर हा आकडाही कमी वाटावा. वेतनकरारावर सह्या होतात तेव्हा या माणसांचे नाव त्यात नसते. किमतीचे खापर फोडण्याच्या वेळी मात्र ‘कामगार’ या शब्दात त्यांनाही धरले जाते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू करण्यात आल्या. त्यांनी मुदतबंद नोकरीला अधिकृत जागा दिली आणि कामगारकपातीसाठी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन १०० ऐवजी ३०० कामगारांच्या कारखान्यांपासून सुरू केले. एकूण पटाच्या निम्म्याहून अधिक सभासद असलेल्या संघटनेलाच वाटाघाटीचा एकमेव हक्क, अशीही तरतूद आहे. मुदत संपताच बाहेर पडणारा पोरगा सभासद होणार कधी आणि मोजला जाणार कधी?

३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सुमारे २० हजार कोटींचा मोटार कारखाना, जागा बिडकीनची. इतर वाहन कंपन्यांनीही या पट्ट्यासाठी हजारो कोटींचे आकडे जाहीर केले आहेत. राज्याच्या प्रोत्साहन योजनांत अशा प्रकल्पांना राज्याच्या वाट्याचा वस्तू व सेवा कर परत करण्याची तरतूद असते, आणि त्यासाठीचे करारमदार पहिली वीट बसण्यापूर्वीच होतात. कायम कामगार किती, प्रशिक्षणार्थी किती, सुटे भाग पुरविणाऱ्या शेडमध्ये किमान पगार काय, हे त्याच कागदावर आत्ता लिहून घेता येते. सवलत लोकांच्या पैशातून जाते, तेव्हा ते विचारण्याचा हक्क पैठण-बिडकीनच्या ज्या शेतकऱ्यांची जमीन गेली त्यांचा आहे आणि वेरूळच्या थांब्यावर हप्ता मोजणाऱ्याचाही आहे. पहिली मोटार दाराबाहेर पडल्यावर हा प्रश्न विचारला, तर त्याला ‘पगारवाढीची मागणी’ हे नाव मिळेल.